समुद्रानें टाकलेलें लांकूड व आमरीची लागवड

पावसाळ्याचें पहिलें मोठें उधाण येऊन गेलें, कीं कोंकणच्या पुळणींवर भरतीच्या खुणेशीं लांकडांची एक रांग पडलेली दिसते. तींत सह्याद्रीच्या रानांतून नद्यांनीं ओढून आणलेल्या ऐनाच्या व किंजळाच्या फांद्या असतात, बांध खचून कोसळलेल्या फणसाचें खोड असतें, मोडक्या होडीची फळी असते, आणि कोठून व किती वर्षांपूर्वीं निघालें याचा थांग लागूं नये असें एखादें पांढुरकें, गुळगुळीत झालेलें मूळही असतें. पूर्वीं हें लांकूड लोक चुलीसाठीं वेंचून नेत. अलीकडे त्यास दुसरें गिऱ्हाईक मिळालें आहे. अशा वांकड्यातिकड्या ओंडक्यावर आमरीचें, म्हणजे शहरांतील मंडळी ज्यास ऑर्किड म्हणतात त्याचें, रोप बांधून तें पर्यटकांस विकण्याचा जोडधंदा किनारपट्टींतील आमचे कित्येक सभासद करूं लागले आहेत.

या धंद्याविषयीं आमच्या मनांत आकस नाहीं. ३ जून २०२० रोजीं ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर चढलें आणि श्रीवर्धनापासून मंडणगड-दापोलीपर्यंतच्या कितीतरी नारळी-पोफळीच्या वाड्या एका दुपारांत आडव्या झाल्या. पोफळ लावल्यापासून उत्पन्न हातीं येईतों पांच-सात वर्षें जातात. या मधल्या काळांत घर कशावर चालवावयाचें, हा प्रश्न ज्यांच्यापुढें उभा राहिला त्यांच्यापैकीं कांहींनीं हा मार्ग धरला. त्यांत भांडवल थोडें, काम घरच्या घरीं होणारें, आणि माल असा कीं मुंबई-पुण्याचा मनुष्य तो हौसेनें मोटारींत घालून नेतो. हा धंदा टिकावा असें आम्हांस मनापासून वाटतें, आणि म्हणूनच पुढील चार शब्द लिहिण्याचें आम्ही योजिलें आहे.

आज बहुतेक ठिकाणीं जी रीत चालू आहे ती अशी: ज्येष्ठांत वेंचलेलें लांकूड टांकींत आठ-दहा दिवस भिजवावयाचें, तारेच्या ब्रशानें घासावयाचें, उघडीप मिळाली कीं दोन दिवस वाळवावयाचें, वर वार्निशाचा एक हात द्यावयाचा, नायलॉनच्या दोऱ्यानें रोप आवळावयाचें आणि श्रावणांत तें विकून मोकळें व्हावयाचें. ही रीत चुकीची आहे. समुद्राच्या लांकडावरून एक पुरा पावसाळा गेल्यावांचून त्यावर आमरी बांधूं नये, आणि बांधलीच तर ती विकूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे.

दुसऱ्यास शहाणपण शिकविण्याचा अधिकार आम्हांस आमच्या शहाणपणानें आलेला नाहीं, तो आमच्या चुकीनें आलेला आहे. २०२१ च्या मे महिन्यांत ‘तौक्ते’ वादळ किनाऱ्याजवळून गेलें, त्यानंतर आम्हीं पुळणीवरून गाडीभर लांकूड आणलें. एका रोपवाटिकेंतून सीतेच्या वेणीचीं छत्तीस रोपें विकत घेतलीं. लांकूड टांकींत घातलें, पाणी रोज बदललें. पहिल्या दिवशीं पाण्याचा रंग कढलेल्या चहासारखा होता. बाराव्या दिवशीं तें इतकें नितळ राहूं लागलें, कीं लांकूड धुऊन निघालें याबद्दल आमच्या मनांत शंका उरली नाहीं. रोपें बांधलीं. श्रावण-भाद्रपदांत त्यांना नवीं मुळें फुटलीं व तीं लांकडास चिकटलीं. आम्ही स्वतःवर खूष होतों. अकरा ओंडके विकले, दोन स्नेह्यांस भेट दिले.

दसरा झाला, पाऊस गेला. मुळांचीं हिरवीं टोंकें प्रथम तपकिरी झालीं, मग काळीं पडलीं. पानें शेंड्याकडून वाळूं लागलीं. आम्हांस बुरशीचा संशय आला व तिच्यावरचें औषध मारलें. गुण आला नाहीं. मार्गशीर्षापर्यंत घरीं ठेवलेल्या रोपांपैकीं दोन-तृतीयांश गेलीं. अशाच एका कोरड्या सकाळीं एका ओंडक्याच्या बेचक्यांत पिठासारखी पांढरी बुकणी दिसली. ती बोटानें जिभेला लावली, मीठ होतें.

पुढल्या वर्षीं पुण्याच्या एक बाई, ज्यांनीं आमच्याकडून दोन ओंडके नेले होते, पुन्हां आल्या व ओशाळून म्हणाल्या, “रोपें मेलीं हो. आमच्या हातालाच गुण नाहीं.” आम्हीं त्यांस खरें काय तें सांगितलें व पैसे परत केले. बाकीच्या गिऱ्हाइकांचा पत्ता आमच्यापाशीं नव्हता. त्यांनींही आपापल्या हाताला दोष दिला असेल आणि पुन्हां आमरी घेतली नसेल. या धंद्यांतील खरें संकट हेंच आहे. माल श्रावणांत विकला जातो व मार्गशीर्षांत मरतो. विकणाऱ्यास त्याची वार्ता लागत नाहीं, घेणाऱ्यास कारण कळत नाहीं.

आतां आमचें चुकलें कोठें, हें पाहूं. आम्ही पाण्याच्या रंगाकडे पाहत होतों. तो रंग लांकडांतील टॅनिनचा असतो आणि त्यानें आमरीस म्हणण्यासारखी इजा होत नाहीं. मिठास रंग नाहीं. नितळ पाणी म्हणजे गोडें पाणी नव्हे, ही एवढीशी गोष्ट समुद्राकांठीं जन्म जाऊनही आमच्या ध्यानांत आली नाहीं! समुद्राच्या एक लिटर पाण्यांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात. लांकूड म्हणजे बारीक नळ्यांचा जुडगा. तें महिनोगणती समुद्रांत राहिलें म्हणजे त्या नळ्या या पाण्यानें भरतात, आणि पुळणीवर उन्हांत सुकल्यावर पाणी उडून क्षार आंत राहतात. टांकींत घातल्यावर ते बाहेर येतात खरे, परंतु आपल्या सवडीनें येतात. लांकडाची जाडी दुप्पट झाली, तर गाभ्यांतील मीठ बाहेर यावयास लागणारा वेळ दुप्पट होत नाहीं, चौपट होतो. जाडी चौपट, तर वेळ सोळापट. बोटाएवढ्या काटकीचें आठवड्यांत काम झालें म्हणून मांडीएवढ्या ओंडक्याचें दोन आठवड्यांत होईल, हा हिशेब येथें लागूं पडत नाहीं.

मग रोपें पावसाळ्यांत जगलीं कशीं? लांकडाच्या पृष्ठभागावरचें मीठ धुतलें गेलेलें होतें व रोजच्या सरी वरचेवर येणारें मीठ वाहून नेत होत्या. पाऊस थांबतांच उलट व्यापार सुरू झाला. लांकूड वरून सुकूं लागलें, तसें आंतलें पाणी पृष्ठभागाकडे ओढलें जाऊं लागलें. पाणी उडून गेलें व मीठ नेमकें तेथें सांचलें, जेथें मूळ चिकटलेलें असतें. त्यांतून आमरीच्या मुळाची घडण विशेष आहे. तिच्या मुळावर पांढऱ्या, स्पंजासारख्या मृत पेशींचें वेष्टन असतें. वनस्पतिशास्त्रांत त्यास वेलामेन म्हणतात. झाडाच्या सालीवरून ओघळणारें पहिलें पाणी टिपून घेण्यासाठीं निसर्गानें तें दिलेलें आहे, कारण पानांवरील व सालीवरील धुळीचें थोडेंसें खत त्या पहिल्या पाण्यांतच असतें. खारट लांकडावर हाच गुण तिच्या जिवावर उठतो. आपण सकाळीं झारीनें पाणी घालतों तेव्हां लांकडावरून ओघळणारें पहिलें पाणीच सर्वांत खारट असतें, आणि तेंच मूळ आधीं पितें.

यावर उपाय कोंकणांत फुकट मिळतो. रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर वर्षाकांठीं सुमारें तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. म्हणजे एक चौरस मीटर जागेवर तीन हजार लिटर पाणी, आणि तें क्षारहीन म्हणावें असें. इतकें पाणी टांकींत भरून कोणीही बदलणार नाहीं. लांकूड छपराच्या वळचणीखालीं मांडलें, तर पागोळ्यांनीं तेंच पाणी अनेक पटींनीं त्यावर पडतें. आम्ही आतां अशी व्यवस्था करतों. आषाढापर्यंत हातीं आलेलें लांकूड त्याच वर्षीं पागोळीखालीं घालावयाचें. पुढल्या मृगापासून महिनाभर पुन्हां भिजूं द्यावयाचें. परीक्षेस उतरलें तर त्या आषाढांत रोप बांधावयाचें. गणपतींच्या सुमारास किंवा त्यानंतर आणलेलें लांकूड पुरा पुढचा पावसाळा थांबतें. मध्यंतरींच्या हिंवाळ्या-उन्हाळ्यांत तें नुसतें पडून राहत नाहीं. उन्हानें आंतलें मीठ वर येतें, पांढरी बुकणी दिसते. ती कोरडीच ब्रशानें झाडावी, आणि उरलेली पुढल्या सरींवर सोंपवावी. पावसाळ्यांतही मधून मधून चार-आठ दिवसांची उघडीप मिळाली, तर ती लांकडास हितकरच असते.

मांडण्यापूर्वीं कांहीं कामें उरकून घ्यावीं. कोयत्यानें कुजका, मऊ भाग सर्व काढून टाकावा. नखानें टोंचलें असतां नख रुततें तेथपर्यंत तासावें. ओंडक्याचीं दोन्ही टोंकें करवतीनें ताजीं कापावीं. लांकडांतून पाणी आडवें फार सावकाश जातें, उभ्या नळ्यांतून त्याहून पुष्कळ जलद. टोंकें वाळू-शेवाळानें बुजलेलीं राहिलीं तर तोच मोठा रस्ता बंद होतो. टांगण्यासाठीं जें भोंक पाडावयाचें तेंही आतांच पाडावें, म्हणजे तेंही धुण्याच्या कामीं येतें. ओंडका जमिनीस टेंकूं देऊं नये, दगडांवर ठेवावा. नाहींतर वाळवी आपला वांटा आधींच घेऊन जाते. पंधरवड्यानें कूस पालटावी.

कोणतें लांकूड मुळींच उचलूं नये हेंही सांगितलें पाहिजे. डांबराचे काळे डाग असलेलें लांकूड सोडून द्यावें. पावसाळ्याच्या तोंडीं समुद्र डांबराचे गोळे किनाऱ्यास टाकतो, ते लांकडांत मुरतात व कशानेंही निघत नाहींत. होडीची फळी कितीही सुंदर दिसली तरी आमरीस वर्ज्य. होड्यांच्या तळास शिंपले चिकटूं नयेत म्हणून जे रंग देतात त्यांत पुष्कळदां तांबें असतें, आणि आमरीच्या कित्येक जातींस, त्यांतही डेंड्रोबियमांस, तांबें सोसत नाहीं. बोर्डो मिश्रण फवारणाऱ्या पोफळीच्या बागाइतदारांनीं आमरीचे ओंडके बागेपासून दूर टांगावे, तेंही याच कारणानें. सांवर, पांगारा, आंबा यांचें लांकूड लौकर भुसभुशीत होतें, आणि आमरी एकदां चिकटली म्हणजे तिला जागा बदललेली खपत नाहीं. सागाचा, ऐनाचा, खैराचा किंवा फणसाचा गाभा मिळाला तर उत्तम. टाकून दिलेलें खारें लांकूड चुलींतही घालूं नये. त्याचा धूर आरोग्यास वाईट.

समुद्रांत राहिलेल्या कांहीं लांकडांस मधमाशांच्या पोळ्यासारखीं भोंकें असतात व गिऱ्हाइकास तींच फार आवडतात. हें काम शिपवर्म नांवाच्या प्राण्याचें. त्यास किडा म्हणण्याची चाल आहे, परंतु तो शिंपल्यांच्या कुळांतला आहे आणि आपल्या बोगद्यास आंतून चुन्याचा गिलावा करतो. हा गिलावा टोंचणीनें खरवडून काढावा. असलें लांकूड पोकळ असल्यामुळें धुऊन लौकर निघतें, तसेंच मोडतेंही लौकर. दगडावर आपटून पाहावें. ठण्ण असा आवाज आला तर ठेवावें, धप्प असा आला तर मोह सोडावा.

परीक्षेसंबंधानें आम्ही विशेष आग्रही आहों, कारण डोळ्यांनीं येथें एकदां फसविलें आहे. पाण्यांत विरघळलेल्या क्षारांचें मान दाखविणारा पेनाएवढा मीटर आतां थोडक्या किंमतींत मिळतो. बादलींत गाळलेलें पावसाचें पाणी घेऊन त्याचा आंकडा पाहावा, तींत ओंडका बुडवून झांकण ठेवावें, चोवीस तासांनीं पुन्हां आंकडा पाहावा. दोहोंतील फरक लिटरमागें पन्नास मिलिग्रॅमांच्या आंत येईपर्यंत आम्ही लांकूड पुन्हां पागोळीखालीं पाठवितों. ही मर्यादा आम्हीं आमच्या अनुभवानें ठरविली आहे, कोणी अधिक कडक ठेवील तर चांगलेंच. ज्यांच्या गांवीं हायस्कूल आहे त्यांनीं विज्ञानाच्या शिक्षकांस विनंती करावी. त्या पाण्यांत सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणाचे दोन थेंब टाकले असतां दुधासारखा पांढरा ढग उठला, तर मीठ अजून शिल्लक आहे असें समजावें. मात्र या दोन्ही परीक्षांस पावसाचेंच पाणी हवें, नळाचें नको. आणि कांहींच साधन नसेल तर जीभ आहे.

आमच्या या मतावर जे आक्षेप येतात त्यांतला एक आम्हांस विचारार्ह वाटतो. खारा वारा तर सदोदित वाहतोच, मग समुद्राकांठच्या आंब्या-फणसांवर आमऱ्या कशा फोंफावतात, असें लोक विचारतात. वाऱ्यानें येणारें मीठ सालीच्या पृष्ठावर बसतें व पहिल्या सरींत धुऊन जातें, तें गाभ्यांत मुरलेलें नसतें. शिवाय जिवंत झाडाची साल वर्षानुवर्षें पालटते. येथें हेंही सांगून ठेवावें, कीं ज्याच्या दारीं आंबा, फणस किंवा नारळ आहे त्यानें आमरी त्यावरच लावावी. ती बांडगूळ नव्हे. झाडाचा रस ती शोषीत नाहीं, फक्त आधार घेते. ओंडका हा ज्यांना अंगण नाहीं, नुसती गॅलरी आहे, त्यांच्यासाठीं.

दुसरे म्हणतात, लांकूड उकळावें म्हणजे काम एका दिवसांत होतें. उकळल्यानें किडे व त्यांचीं अंडीं मरतात, काटक्या धुऊनही निघतात. ओंडका उकळावयास काहील कोठून आणावी आणि तिच्याखालीं किती सरपण जाळावें, याचा हिशेब त्यांनींच करून पाहावा. ब्लीचिंगच्या पाण्यानें लांकूड पांढरें होतें, गोडें होत नाहीं. वार्निशाविषयीं तर बोलावयासच नको. तें आंतलें मीठ आंत कोंडतें व बाहेरून लांकूड इतकें गुळगुळीत करतें, कीं मुळास धरावयास जागा राहत नाहीं. वार्निश लावलेला ओंडका दिवाणखान्यांत शोभेस ठेवावा. त्यावर झाड नको.

उरला पैशाचा आक्षेप, आणि तो खरा आहे. ज्याच्या घरीं येत्या महिन्याच्या खर्चाची विवंचना आहे त्यानें वर्षभर लांकूड पागोळीखालीं ठेवून काय खावें? त्यास आमचें उत्तर असें, कीं लांकडास दाम पडलेला नाहीं, तें फक्त जागा अडवितें; एका वर्षाची वाट एकदांच पाहावी लागते, दुसऱ्या वर्षापासून दर आषाढांत तयार माल हातीं असतो. पहिल्या वर्षापुरती तोड म्हणजे नदीचें लांकूड. तें भरतीच्या पाण्याच्या वरच्या अंगास उचललेलें असावें. वाशिष्ठीची खाडी चिपळुणाशीं गोवळकोटापर्यंत येते, सावित्रीची महाडाच्या जवळपर्यंत; याच्या वर जें सांपडेल त्यांत मीठ नाहीं, गाळ मात्र असतो. जुलै २०२१ च्या महापुरानें चिपळूण-महाडच्या परिसरांत नदीकांठांवर असें लांकूड किती आणून टाकलें तें तिकडील सभासदांच्या स्मरणांत असेल. तें महिनाभर पागोळीखालीं ठेवून, खरवडून, एकदां परीक्षा पाहून वापरतां येतें. नारळाचें सोडणही आमरीस बरें मानवतें. पांच-सहा दिवस पाणी बदलून भिजवलें कीं पुरे, मात्र खाडीच्या पाण्यांत कुजत घातलेलें सोडण घेऊं नये, त्यांतही मीठच असतें.

एका गोष्टीकडे सभासदांचें बहुधा लक्ष गेलेलें नाहीं. १९२७ च्या भारतीय वन कायद्याच्या ४५ व्या कलमाप्रमाणें वाहत आलेलें, किनाऱ्यास लागलेलें, रुतलेलें वा बुडालेलें लांकूड, त्यावर कोणी आपला हक्क शाबीत करीपर्यंत, सरकारचें समजलें जातें. कायद्याचा रोख नदींतून वाहून येणाऱ्या इमारती लांकडावर आहे हें उघड आहे, परंतु शब्दांत हातभर मुळकाही येतो. त्याच कलमांत एखाद्या प्रकारचें लांकूड अधिसूचना काढून वगळण्याची सत्ता राज्य सरकारास दिलेली आहे. हातभर लांबीच्या आंतील, करवतीची वा शिक्क्याची खूण नसलेलें लांकूड अशा रीतीनें वगळावें, असा अर्ज आमच्या संघानें करावा असें आम्ही सुचवितों. तोंवर वनरक्षकास विचारून उचलावें व मोठे ओंडके जेथल्या तेथें राहूं द्यावे. खाडीच्या चिखलांत उभीं असलेलीं तिवराचीं वाळकीं मुळें तर उपटूंच नयेत. कांदळवनाच्या तोडीस मुंबई उच्च न्यायालयानें २०१८ सालीं सर्व राज्यांत मनाई केली आहे. वेळास-आंजर्ल्यासारख्या ठिकाणीं हिंवाळ्यांत कांसवें अंडीं घालतात, त्या दिवसांत पुळणीच्या वरच्या अंगास उकराउकर करूं नये हें तेथील लोकांस सांगावयास नको.

लांकडाविषयीं इतकी काळजी घ्यावयाची आणि रोप मात्र रानांतून ओरबाडून आणावयाचें, हें आम्हांस मुळींच पसंत नाहीं. घाटाखालच्या बाजारांत सीतेची वेणी सालीसकट सोलून आणलेली आम्हीं डोळ्यांनीं पाहिली आहे. तींतलीं निम्मींही झाडें वर्ष काढीत नाहींत. आमरीचें बीं धुळीएवढें असतें, त्यांत अंकुरासाठीं शिधा सांठविलेला नसतो, आणि रानांत विशिष्ट बुरशीची सांगत मिळाल्यावांचून तें रुजत नाहीं. म्हणून सोलून नेलेल्या झाडाची जागा भरावयास रानास फार वर्षें लागतात. लुईस नड्सन या अमेरिकन शास्त्रज्ञानें १९२२ सालीं साखर घातलेल्या माध्यमावर बुरशीवांचून बीं रुजवून दाखविलें, तेव्हांपासून रोपें बाटलींत वाढवितां येतात. तशीं प्रयोगशाळेंत वाढविलेलीं रोपेंच घ्यावीं व त्यांची पावती जपून ठेवावी.

बांधण्याची कृति थोडक्यांत सांगतों, कारण ती बहुतेकांस येते. नव्या मुळांचीं हिरवीं टोंकें दिसूं लागलीं म्हणजे वेळ झाली. काथ्याच्या मऊ दोरीनें रोप बांधावें; नायलॉनचा दोरा मुळास कापतो, तांब्याची व जस्ताचा मुलामा दिलेली तार दोन्ही नकोत. सीतेची वेणी बांधतांना पानांच्या बेचक्यांत पाणी सांचणार नाहीं अशी ती बाजूस कलती धरावी. मुळें झांकूं नयेत. काथ्या दोन वर्षांत आपोआप कुजून पडतो, तोंवर मुळांनीं लांकूड धरलेलें असतें. पाऊस संपल्यावर रोज सकाळीं पाणी द्यावें लागतें, आणि येथें पुन्हां तोच शत्रु उभा राहतो. किनाऱ्याजवळच्या कित्येक विहिरींचें पाणी चैत्र-वैशाखांत मचूळ होतें. तें आपणांस जिभेला कळण्यापूर्वीं आमरीस कळतें. पावसाचें पाणी दोन पिंपें भरून झांकून ठेवावें. दहा-वीस ओंडक्यांस तें सहज पुरतें. पानझडी डेंड्रोबियमांस मात्र हिंवाळ्यांत विश्रांति लागते, त्यांस रोज पाणी घालण्याचा उत्साह दाखवूं नये.

विक्रीसंबंधानें आमची एक सूचना आहे व ती पुढील सर्वसाधारण सभेपुढें आम्ही मांडणार आहों. प्रत्येक ओंडक्यास मागल्या बाजूनें एक पट्टी बांधावी. तिच्यावर लांकूड कोणत्या महिन्यांत उचललें, रोप कधीं बांधलें आणि शेवटच्या परीक्षेंत आंकडा किती आला, हें लिहिलेलें असावें, आणि विकणाऱ्याचें नांव-गांव असावें, म्हणजे रोप मेलें तर गिऱ्हाइकास कोठें यावयाचें तें कळेल. कांहीं सभासदांस ही अट जाचक वाटते. अशी पट्टी लावल्यानें परत येणारांचीच गर्दी होईल असें ते म्हणतात. आमच्या दोन वर्षांच्या पट्टीलेल्या मालांत तीन ओंडके परत आले, त्यांतले दोन गिऱ्हाइकानें बोअरवेलचें पाणी घातल्यामुळें.

क्षार मोजण्याचा एक मीटर संघाच्या कार्यालयांत ठेवलेला आहे. ज्यांना लांकूड तपासावयाचें असेल त्यांनीं तें चोवीस तास ज्यांत बुडविलें तें पाणी एका बाटलींत, व मूळचें पावसाचें पाणी दुसऱ्या बाटलींत, बाटल्यांवर खूण करून, बाजाराच्या दिवशीं आणावें. ओंडके आणूं नयेत. गेल्या खेपेस पडवींत उभें राहावयास जागा उरली नव्हती.